सुकलेली माणसं ओळखणारा माणूस

"चामोर्शी जाणारी गाडी फलाट तीनवर लागून आहे. आणि तिथीच निळ्या पिशवीवर बसलेले काका, तुमी उठू नका. बसूनच राहा. तुमाले भोवळ येऊन राह्यली. बाजूच्यानं कोणी काकाले पाणी द्या. गाडी थांबते, घाई नाई."

मी तालुक्याच्या स्टँडवर रुजू झाले त्या पहिल्याच दिवशी भोंग्यातून ही सूचना ऐकली आणि मला वाटलं, कोणीतरी थट्टा करतंय. खिडकीतून वाकून पाहिलं तर निळ्या पिशवीवरचे काका खरंच अर्धवट उठून, खांबाला धरून परत बसत होते. फलाटावरच्या लोकांना याचं काही नवल वाटलं नव्हतं. एका बाईनं आपली बाटली पुढं केली, काका पाणी प्यायले, आणि चामोर्शीची गाडी चार-पाच मिनिटं उशिरानं सुटली.

सूचना देणारे होते आमचे वाहतूक नियंत्रक. त्यांना सगळे कंट्रोलरभाऊ म्हणत. उंच, काटकुळे, खाकी शर्ट, डोक्याला ओला दुपट्टा. त्यांच्या केबिनला तिन्ही बाजूंनी काचा होत्या. गाडी आली-गेली की वेळ लिहायची आणि भोंग्यावरून सांगायचं, एवढंच त्यांचं काम. पण नोंदवहीवर त्यांची नजर कमी आणि माणसांवर जास्त. एकदा मी म्हटलं, "भाऊ, अहेरीची गाडी येऊन गेली, तुम्ही लिहिली नाही." तर म्हणाले, "गाडी तं येतेच बाई. माणूस सुद्दा पोचला पायजे."

आमच्याकडचा मे महिना ज्यानं काढला नाही त्याला सांगून कळणार नाही. सकाळी दहालाच फलाटाची फरशी चपलेतून पोळते. लोक तोंडाला दुपट्टे बांधून गाडीची वाट पाहत बसलेले, सगळे सारखेच दिसतात. त्या सारख्या दिसणाऱ्यांतून भाऊ नेमकं माणूस हुडकून काढत. कोण सारखे ओठ चाटतंय, कोणी डोकं धरलंय, कोण उगाच बायकोवर खेकसतंय. लेकरू रडत असलं की ते केबिनमधून उठून जवळ जात आणि त्याच्या गालाकडं बघत. "रडून राह्यलं तं रडू दे. पण डोयात पानी आहे का पाह्य. आसू नाई अन् रडते, तं थांबू नको, दवाखान्यात ने." जवान माणूस असला तर त्याच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडायचे आणि ती किती वेळात बसते ते पाहायचे. म्हाताऱ्यांना मात्र चिमटा घेत नसत. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "म्हाताऱ्याची चामडी ढिल्लीच रायते, थे फसवते. त्याची जीभ पाहा. अन् त्याले तहान लागली का म्हून विचारू नका. म्हाताऱ्याले तहान लागतच नाई. पेला हातात द्याचा."

मी पासच्या खिडकीवर होते. सकाळी नऊला घरून निघताना एक कप चहा, आणि मग थेट संध्याकाळी घरी जाऊन पाणी. मधे पाण्याला शिवायचं नाही. का ते कोणत्याही नोकरी करणाऱ्या बाईला विचारा. स्टँडवर बायकांचं संडास होतं, पण त्याला बाहेरून कुलूप आणि आतून जे काही होतं ते सांगण्यासारखं नाही. दुपारी तीननंतर माझं डोकं ठणकायचं. पास काढायला आलेल्या पोरींवर मी ओरडायचे. आमच्या घरात असं ठरूनच गेलं होतं की माझा स्वभाव तापट आहे.

महिनाभरानं भाऊ माझ्या खिडकीशी आले.

"बाई, तुमी रोज तीन वाजले का चिडता. बाराले नाई चिडत. सकाळी तं हासत येता."

"मग?"

"मंग काय, तुमी खडूस नाई. तुमी सुकता." आणि मग गाड्यांच्या वेळा विचाराव्यात तशा सहज आवाजात, "सकाळपासून लघवीले किती येळा गेल्या?"

मी खिडकी लावून घेतली. अंगाची आग झाली माझ्या. संध्याकाळी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तर तो हसत सुटला.

दुसऱ्या दिवशी मी आले तेव्हा बायकांच्या संडासाबाहेर पाणी वाहत होतं. भाऊ पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, हातात खराटा घेऊन आतून बाहेर आले. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "बाया पानी काऊन नाई पित? जागा नाई म्हून. मले हे लय उशिरा समजलं." त्या दिवसापासून ते रोज पहाटेच्या ड्यूटीवर आले की आधी संडास धुवायचे, मग पहिली गाडी लिहायचे. ड्रायव्हर लोक नाक दाबून हसायचे. भाऊंना त्याचं काही नव्हतं. मी हळूहळू पाणी पिऊ लागले. तीन वाजताची डोकेदुखी गेली. पोरी माझ्याशी बोलू लागल्या. एवढा मोठा फरक पडला, आणि मी त्यांना साधं बरं वाटतंय म्हणूनसुद्धा सांगितलं नाही. विषयच तसा होता ना.

नमस्काराऐवजी त्यांचं 'किती येळा?' असायचं. ड्रायव्हर गाडीतून उतरला की 'किती येळा?' पोस्टमन आला की 'किती येळा?' रंगसुद्धा विचारायचे. "धानाच्या तणसीसारखी पिवयी असली तं बरं. चहासारखी झाली तं ड्यूटी सोड अन् दवाखान्यात जा." लोक वैतागायचे, टिंगल करायचे, पण सांगायचे. त्यांच्या टेबलावर साखरेचा नि मिठाचा डबा असायचा. लिटरभर पाण्यात साखरेचे सहा चमचे नि मिठाचा अर्धा, तेही चमच्यावरचा ढीग बोटानं सपाट करून. एकदा एका कंडक्टरनं मूठभर मीठ टाकलं तर भाऊंनी ते पाणी ओतून टाकलं. "जास्त मीठ घालून मारतो का?"

हे वेड कुठून लागलं, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. पूर्वी ते कंडक्टर होते, सिरोंच्याच्या लांबच्या गाडीवर. "बारा-बारा घंटे पानी नाई पित होतो मी. गाडी थांबवाची कुठी? एकडाव आलापल्लीच्या इकडं मले समजूनच नाई राह्यलं का मी कोन्त्या गावाले आहो. लोकाईले उलटेच तिकिटं देल्लो. सगळे हासले. म्हणे कंडक्टर ढोसून आला. एक डोकरी होती बसून, थिनं माही जीभ पाह्यली. म्हणे, अरे हा दारू नाई पिला, हा पानीच नाई पिला." ते सांगताना हसले. मग म्हणाले, "गाडीत पन्नास माणसं होते बाई. पाह्यलं एकीनंच."

सहा वर्षं मी त्यांच्या शेजारच्या खिडकीत बसले.

मग एका एप्रिलमध्ये ते प्रकरण झालं. फलाट एकवर एक नीटनेटके गृहस्थ उभे होते, सोबत त्यांची नवी सून. भोंगा बोलला, "पिवळ्या साडीच्या ताई, तुमी डोकं धरून राह्यल्या, ओठ चाटून राह्यल्या. पानी प्या. बायाईचं संडास साफ आहे, मी सोता धुतलो. लाजू नका." सगळा फलाट वळून बघायला लागला. काही पोरं हसली. गृहस्थ संतापून केबिनशी आले, सून मागं मागं. भाऊ त्यांच्याशी बोललेच नाहीत. सरळ सुनेला म्हणाले, "ताई, सकाळपासून गेल्या का?"

मुलीनं मान खाली घातली होती. पण ती मान तिनं अगदी थोडी, दोनदा, नाही अशी हलवली. सासऱ्यांना ते दिसलं नाही. मला माझ्या खिडकीतून दिसलं.

गृहस्थांची वरपर्यंत ओळख होती. लेखी तक्रार आली. मोठ्या साहेबांनी मला बोलावलं, कारण स्टँडवर मी एकटीच बाई. जबाबाचा कागद समोर ठेवला.

'सदर कर्मचारी महिलांना लघवीबाबत विचारतात काय?' मी लिहिलं, होय.

'आपणास विचारले आहे काय?' होय.

'त्यामुळे आपणास संकोच वाटला काय?' होय.

खाली चांगली चार-पाच ओळींची मोकळी जागा होती. 'इतर काही सांगावयाचे असल्यास.' त्या जागेत संडासाचं मावलं असतं. माझ्या डोकेदुखीचं मावलं असतं. त्या मुलीची हललेली मान मावली असती. पण त्याच सकाळी भाऊंनी दोन नव्या कंडक्टरांसमोर मला 'किती येळा?' विचारलं होतं, आणि ते दोघे एकमेकांकडे बघून फिस्सकन हसले होते. तो राग होता. शिवाय साहेब समोर बसून पेनाचं टोपण वाजवत होते. मी लिहिलं, 'काही नाही.' आणि सही केली.

साहेबांनी तो जबाब भाऊंना वाचून दाखवला. बाहेर आल्यावर ते माझ्या खिडकीशी थांबले. मी मान वर केली नाही.

"बाईनं खोटं काई लिवलं नाई," असं ते म्हणाले. मला की स्वतःला, कोण जाणे. त्याच आठवड्यात त्यांना मागच्या वर्कशॉपमध्ये पाठवलं, टायरची नोंदवही लिहायला. तिथं भोंगा नव्हता आणि प्रवासीही नव्हते. माझं बोलणं शुद्ध, मी चंद्रपूर शहरातली, म्हणून केबिन नि भोंगा माझ्याकडे आला. मी सूचना फार सुरेख द्यायचे. गाडी, फलाट, वेळ. त्यापुढं एक अक्षर नाही. बायकांचं संडास आठवड्यातून एकदा धुतलं जाऊ लागलं, आणि बाकी दिवस त्याला परत कुलूप. त्याबद्दलही मी काही बोलले नाही.

मे महिन्यातली ती दुपार. केबिनच्या काचेशी एक म्हातारी आली. हिरवं लुगडं, हातात दवाखान्याच्या कागदांची पिशवी.

"माय, चामोर्शीची गाडी कवा हाय वं?"

मी सांगितलं, अजून अर्धा तास. ती खांबाला टेकून बसली. दहा मिनिटांनी परत आली आणि हेच, जणू पहिल्यांदाच, विचारलं. मी परत सांगितलं. तिसऱ्यांदा आली ती चिडूनच. "केव्हाची विचारून राह्यली, सांगत काऊन नाई?"

मला सगळं दिसलं. हे मला नीट लिहायचं आहे, कारण मला कळलं नाही असं म्हणायची सोय मला नाही. माझ्या मानेवरून घामाच्या धारा वाहत होत्या आणि तिचं कपाळ कोरडं ठक्क होतं. तोंडाच्या कोपऱ्यात पांढरं वाळलेलं होतं. बोलताना जीभ टाळूला चिकटून टक् असा आवाज यायचा. डोळे आत गेलेले. माझ्या टेबलावर माझी पाण्याची बाटली होती, समोर भोंगा होता, आणि माझ्या मागं ते दोन कंडक्टर चहा पीत उभे होते.

मी म्हटलं असतं, मावशी, पाणी प्या, तुम्ही शेवटचं लघवीला कधी गेलात. मागून ते दोघं म्हणाले असते, घ्या, आता बाई सुरू झाल्या. एवढंच झालं असतं. याहून जास्त काहीही झालं नसतं.

तेवढ्यात गाडी लागली. म्हातारी उठताना झोकांडली. मला दया आली, मी केबिनमधून बाहेर आले, तिचा हात धरला. हात तव्यासारखा तापला होता आणि कोरडा होता. मी तिला पुढच्या सीटवर बसवलं, पिशवी मांडीवर ठेवली, आणि कंडक्टरला म्हटलं, "मावशींना नीट उतरवून द्या." परत येऊन मी स्वतः पाणी प्यायले.

संध्याकाळी कंडक्टरचा फोन आला. म्हातारी वाटेत उठेचना. ड्रायव्हरनं गाडी थेट दवाखान्यात नेली होती. तिसऱ्या दिवशी ती गेली.

ते कळलं तेव्हा भाऊ वर्कशॉपमधून चालत आले. हाताला टायरचं काळं लागलेलं. केबिनमध्ये येऊन आपल्या जुन्या खुर्चीवर नाही, तर दाराजवळच्या स्टुलावर बसले.

"घाम होता?"

"नव्हता."

"जीभ?"

"चिकटत होती. आवाज येत होता."

"बोलणं?"

"तेच तेच विचारत होत्या. मग चिडल्या."

"हात?"

"गरम. कोरडा."

"म्हंजे सगळं पाह्यलं तुमी."

"हो."

"पानी नाई देल्लं?"

"नाही."

"लाज वाटली?"

मला रडू आलं. मी हो म्हणून मान हलवली.

त्यांनी दुपट्ट्यानं हात पुसले, बोट न् बोट. मग म्हणाले, "तुमाले काय वाटलं बाई, मले नाई वाटत? मले रोज वाट्टे."

सहा वर्षांत हे माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं. मला वाटायचं, या माणसाला लाज म्हणून नाहीच.

रविवारी त्यांनी मला म्हातारीच्या गावी नेलं. कंडक्टरकडून पत्ता त्यांनीच घेतला होता. "चला, घरच्याईले भेटून येऊ," एवढंच बोलले. मी ठरवून निघाले होते, जे झालं ते सांगायचं. वाटेत वाक्यंसुद्धा जुळवली होती.

घरासमोर मांडवाखाली भावकी बसलेली. आत म्हातारीची लेक भिंतीला टेकून बसली होती, पंचेचाळीसच्या आसपासची बाई. रडून रडून आवाज बसला होता. एक नातेवाईक सांगत होता, रक्त तपासायला उपाशी या म्हणाले होते, तर म्हातारी पाणीसुद्धा न पिता पहाटेच निघाली होती. उपाशी म्हणजे पाणीही नाही, असं तिला वाटलं.

भाऊ लेकीसमोर उकिडवे बसले. सांत्वनाचं काही बोलतील असं वाटत असताना ते म्हणाले, "ताई, लघवीले कवा गेल्या तुमी?"

मांडवातून एकजण उठलाच. "कोन हाय हा मानूस? मयताच्या घरी काय बोलून राह्यला?" भाऊंनी वर पाहिलं नाही. लेक मात्र त्यांच्याकडं बघत म्हणाली, "काल सकाळी."

उठलेला माणूस परत खाली बसला. तीन दिवस ती रडत होती आणि कोणी तिला धड पाणी पाजलं नव्हतं. मी उठून चुलीशी गेले. साखर-मीठ शोधलं, गडव्यात पाणी केलं. भाऊंनी ते तिला घोट घोट पाजलं, घाई करू न देता. अर्ध्या तासानं तिच्या चेहऱ्यावर जरा जीव आला. मग तिनं विचारलं, तुमी कोण, कुठचे.

"आम्ही स्टँडवरून आलो," मी म्हटलं.

तिनं माझे दोन्ही हात धरले. "तुमीच का त्या? आई दवाखान्यात मधात शुद्धीवर आलती. म्हणे, स्टँडवरच्या बाईनं मले हात धरून गाडीत बसवून देल्लं. लय मायाळू बाई होती म्हणे. देव थिचं भलं करो, असं म्हणून राह्यली होती."

मी भाऊंकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते. सगळी वाक्यं माझ्या तोंडाशी होती. मी म्हणाले, "स्वतःला जपा."

परतीच्या गाडीत मीच विचारलं, "भाऊ, तुम्ही का नाही सांगितलं?"

"थे तुमचं सांगणं होतं, बाई," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले.

पुढच्या आठवड्यात मी साहेबांकडे गेले. म्हटलं, माझ्या त्या जबाबात मला आणखी लिहायचं आहे. साहेब म्हणाले, प्रकरण बंद झालंय, आता कशाला उकरता. मी तरी एक अर्ज लिहून दिला, त्या चार-पाच ओळी आणि वर आणखी दोन पानं. तो फायलीला लागला असेल. भाऊ त्याच पावसाळ्यात टायर मोजता मोजता निवृत्त झाले. निरोपाला साहेब त्यांच्या वक्तशीरपणाबद्दल बोलले. मलाही बोलायला उभं केलं, आणि मी म्हणाले की ते सर्वांशी आपुलकीनं वागत. ते आपल्या गावी गेले, मुलाकडे. दोन वर्षांपूर्वी वारले. कळलं तेव्हा तेरवीही होऊन गेली होती.

आता मी विचारते. भोंग्यावरून नाही, तेवढं अजून मला जमत नाही. केबिनमधून उठून माणसाजवळ जाते, बाटली पुढं करते आणि हळू आवाजात विचारते. काहीजण पितात, काहीजण रागानं बघतात. दर वेळी कान तापतात माझे. नव्या पोरांनी मला काही नाव ठेवलं असणार.

ती लेक वर्षातून दोन-तीनदा तरी स्टँडवर दिसते. केबिनच्या काचेशी येतेच. कधी पदरात बांधून आणलेली चारोळी देते, कधी जांभळं. परवा सोबत नवी सून होती. "हे पाह्य, ह्याच थ्या बाई. आजीले हात धरून गाडीत बसवून देणाऱ्या. पाया पड." सून वाकली, तिनं माझ्या पायांना हात लावला, आणि मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

प्रत्येक वेळी वाटतं, आज सांगायचं. तोंड उघडतेसुद्धा. तेवढ्यात त्यांची गाडी लागते, आणि ती लागल्याचं सांगायला मी घाईघाईनं आत वळते.